व्हायॉक्स नावाची गोळी बाजारातून का गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघे दुखतात म्हणून महिनोन्महिने गोळी घेणारी माणसं आमच्या औषधाच्या दुकानात रोज भेटतात. ‘ती एक गोळी बंद झाली होती ना, हार्ट अटॅक यायचा म्हणून? ती हीच का?’ असं त्यांच्यातलं कोणी ना कोणी विचारतंच. मागे रांग असते आणि उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

व्हायॉक्स म्हणजे नेमकं काय?

रोफेकॉक्सिब या औषधाचं व्हायॉक्स हे व्यापारी नाव. मर्क या अमेरिकन कंपनीची ही गोळी सूज आणि वेदना कमी करायची. अमेरिकेच्या एफडीएने तिला मे १९९९ मध्ये मान्यता दिली, ती गुडघ्यांची झीज, तात्पुरत्या तीव्र वेदना आणि पाळीतली पोटदुखी यांसाठी. दिवसातून एकदाच घ्यायची असल्यामुळे रुग्णांना ती सोयीची वाटली. ८० हून अधिक देशांत ती विकली गेली आणि एकट्या २००३ या वर्षात तिची विक्री अडीच अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ती जगभरातून एकाच दिवशी मागे घेतली.

नावांच्या दोन गोंधळांचा इथेच निकाल लावू. न्यूरोबिऑनच्या पट्टीवर आपण वर्षानुवर्षे जी ‘मर्क’ वाचली, ती जर्मन कंपनी होती. गोव्यातला कारखानाही तेव्हा तिचाच होता. व्हायॉक्सवाली अमेरिकन मर्क वेगळी, अमेरिकेबाहेर ती एमएसडी या नावाने ओळखली जाते. आणि या पानावर एफडीए म्हटलं की अमेरिकेचं औषध प्रशासन समजायचं. महाराष्ट्रातल्या अन्न व औषध प्रशासनालाही आपण एफडीएच म्हणतो, पण या गोष्टीत त्यांचं काही काम नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक होतंच की. मग नव्या गोळीची गरज कुणाला होती?

पोटाला. जुन्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की जठरात व्रण होतात. काहींना रक्तस्राव होतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आमवाताच्या रुग्णाला गोळी सोडता येत नाही आणि पोट ती सोसत नाही. अशी माणसं तेव्हा लाखोंनी होती, आजही आहेत. तेव्हा व्हायॉक्स निव्वळ धंद्यासाठी काढलेली गोळी होती असं कोणी सांगितलं, तर ते अर्धसत्य आहे. तिच्यामागची कल्पना खरोखर चांगली होती.

कल्पना अशी. शरीरात कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि त्याच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं तयार होतात. १९९० च्या आसपास लक्षात आलं की हे विकर दोन प्रकारचं आहे. कॉक्स-१ बारमाही कामावर असतं आणि जठराच्या अस्तराची राखण करतं. कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की हजर होतं. जुन्या गोळ्या दोघांनाही झोडपतात. फक्त कॉक्स-२ ला अडवलं तर दुखणं थांबेल आणि पोटही शाबूत राहील, असा हिशोब होता. त्यातून जी औषधं निघाली ती कॉक्सिब. सेलेकॉक्सिब आधी आलं, रोफेकॉक्सिब पाठोपाठ काही महिन्यांत.

पोट वाचवणारी गोळी हृदयाच्या मुळावर कशी आली?

रक्तवाहिनीच्या आतल्या थरात प्रोस्टासायक्लिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो वाहिनी सैल ठेवतो आणि रक्त गोठू देत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये थ्रॉम्बोक्सेन तयार होतं. त्याचं काम बरोबर उलटं: प्लेटलेट्स एकमेकींना चिकटवायच्या आणि गुठळी बांधायची. आपलं रक्त वाहतं राहतं ते या दोघांच्या रस्सीखेचीवर.

प्रोस्टासायक्लिन बरंचसं कॉक्स-२ वर अवलंबून आहे आणि थ्रॉम्बोक्सेन कॉक्स-१ वर. फक्त कॉक्स-२ अडवलं की दोरीच्या एका टोकाची माणसं निघून जातात आणि दुसरीकडची जागेवरच राहतात. गुठळीच्या बाजूने ओढ वाढते. हृदयाची वाहिनी आधीच अरुंद झालेली असेल, तर तिथे गुठळी अडकायला एवढं पुरतं. शिवाय ही औषधं शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि रक्तदाब वाढवतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी हा धोका गोळी बाजारात येण्याच्या सुमारासच मांडला होता. त्यांच्या अभ्यासात कॉक्सिब घेणाऱ्या निरोगी माणसांच्या शरीरातली प्रोस्टासायक्लिनची निर्मिती घटलेली दिसली होती. म्हणजे ही भीती हवेतली नव्हती.

धोका पहिल्यांदा आकड्यांत कधी दिसला?

२००० साली, म्हणजे गोळी मागे घेण्याच्या चार वर्षं आधी. या साऱ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

कंपनीने ‘व्हिगर’ नावाची मोठी चाचणी घेतली. आमवाताचे ८,०७६ रुग्ण. निम्म्यांना व्हायॉक्स ५० मिलिग्रॅम, निम्म्यांना नेप्रॉक्सेन हे जुनं औषध. पोट खरंच वाचतं का, एवढंच पाहायचं होतं. आणि ते वाचलं. जठर-आतड्यांच्या त्रासाच्या घटना नेप्रॉक्सेनच्या गटात १२१, व्हायॉक्सच्या गटात ५६. निम्म्याहून कमी. कंपनीला हवं होतं ते मिळालं.

पण त्याच तक्त्यांमध्ये दुसरी एक ओळ होती. हृदयविकाराचे झटके नेप्रॉक्सेनवर ४ आणि व्हायॉक्सवर, सगळे धरले तर, २०. पाचपट.

नोव्हेंबर २००० मध्ये हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला, तेव्हा वीस ऐवजी सतराच झटके मोजलेले होते. पोटाच्या घटना मोजायची शेवटची तारीख एक आणि हृदयाच्या घटनांची त्याच्या जवळपास महिनाभर आधीची. उरलेले तीन झटके त्या तारखेनंतरचे, म्हणून वगळले, असं कंपनीचं म्हणणं. लेख छापून येण्याच्या बऱ्याच आधी निदान दोन लेखकांना ते तीन झटके ठाऊक होते, असं जर्नलच्या संपादकांनी डिसेंबर २००५ मध्ये जाहीरपणे लिहिलं आणि त्या लेखाविषयी चिंता व्यक्त केली. तोवर गोळी बाजारातून जाऊन वर्ष उलटलं होतं. दरम्यान त्या लेखाच्या नऊ लाखांहून अधिक छापील प्रती कंपनीने विकत घेतल्या होत्या. एका संशोधन लेखाच्या एवढ्या प्रती कोणाला वाटायला लागतात, हे सांगायला नको.

पाचपट झटके दिसूनही गोळी चालू कशी राहिली?

कारण त्या आकड्याला दुसरा अर्थ देता येत होता. चाचणीत व्हायॉक्सची तुलना औषध नसलेल्या रिकाम्या गोळीशी नव्हती, नेप्रॉक्सेनशी होती. कंपनी म्हणाली, व्हायॉक्स झटके वाढवत नाही, नेप्रॉक्सेन ते कमी करतं, ॲस्पिरिनसारखं.

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. नेप्रॉक्सेन प्लेटलेट्सना काही प्रमाणात रोखतं, हे खरं आहे. पण पाचपट फरक त्याच्याच खात्यावर टाकायचा, तर नेप्रॉक्सेन ॲस्पिरिनपेक्षाही कितीतरी गुणकारी मानावं लागलं असतं, आणि तसा पुरावा कोणाकडेच नव्हता. दोन स्पष्टीकरणं समोर असताना रुग्णाला धोक्याची असू शकणारी शक्यता आधी तपासायची, ही साधी रीत आहे. त्यासाठी हृदयविकाराचाच प्रश्न घेऊन स्वतंत्र चाचणी करायला हवी होती. ती झाली नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या देबब्रत मुखर्जी, स्टीव्हन निसन आणि एरिक टोपोल यांनी उपलब्ध आकडे एकत्र मांडून दुसऱ्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात इशारा दिला. पुढच्याच महिन्यात एफडीएने कंपनीला पत्र पाठवून खडसावलं की तुमच्या प्रचारात हृदयाचा धोका झाकला जातो आहे. आणि माहितीपत्रकात हृदयाविषयीचा मजकूर आला एप्रिल २००२ मध्ये. तोही असा जपून लिहिलेला, की घाईत वाचणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून सहज निसटावा.

डॉक्टरांना कोणीच काही विचारलं नाही का?

डॉक्टरांनी विचारलं. उत्तर टाळायचं कसं, याचं प्रशिक्षण विक्री प्रतिनिधींना दिलेलं होतं. अमेरिकन संसदेच्या चौकशीत २००५ साली ती कागदपत्रं बाहेर आली. त्यांत पत्त्यांचा एक खेळ होता. प्रत्येक पत्त्यावर डॉक्टरची एखादी अडचणीची शंका आणि काही पत्त्यांवर फक्त एक शब्द: ‘चुकवा’. आपल्याकडच्या एमआर मंडळींनी हे वाचून कसनुसं हसू आणलं तर आश्चर्य नाही.

अमेरिकेत औषधाची जाहिरात थेट टीव्हीवर करता येते, हेही लक्षात घ्या. २००० साली व्हायॉक्सच्या अशा जाहिरातींवर १६ कोटी डॉलर खर्च झाले. रुग्ण स्वतःच डॉक्टरकडे जाऊन नाव घेऊन गोळी मागत. ज्यांच्या पोटाला जुन्या गोळीने काहीच झालं नव्हतं, तेही ही महाग गोळी घेऊ लागले. जिचा खरा फायदा मोजक्या लोकांना होता, ती सरसकट सगळ्यांच्या पोटात गेली.

मग २००४ मध्ये असं काय घडलं?

गंमत म्हणजे निर्णायक चाचणीही हृदयाची नव्हतीच. ‘ॲप्रूव्ह’ नावाची ती चाचणी मोठ्या आतड्यातल्या गाठींसाठी होती. व्हायॉक्सने त्या गाठी पुन्हा होणं टळतं का, हे तीन वर्षं पाहायचं होतं. सुमारे २,६०० लोक, व्हायॉक्स २५ मिलिग्रॅम विरुद्ध रिकामी गोळी. आता नेप्रॉक्सेनवर ढकलायची सोय उरली नव्हती. झटका, पक्षाघात आणि तत्सम गुठळीच्या घटना रिकाम्या गोळीवर २६, व्हायॉक्सवर ४६. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने ती थांबवायला सांगितलं आणि काही दिवसांतच कंपनीने गोळी मागे घेतली. त्या दिवशी मर्कचा शेअर पाव भागाहून जास्त कोसळला.

१८ महिन्यांपर्यंत गोळी सुरक्षित होती, असं वाचलं. खरं का?

कंपनीचं तसं म्हणणं होतं, कारण ‘ॲप्रूव्ह’मध्ये दोन गटांतला फरक दीड वर्षानंतर ठळक होताना दिसला. पण २००६ मध्ये ‘ॲप्रूव्ह’वर छापून आलेल्या लेखाला दुरुस्ती जोडावी लागली आणि १८ महिन्यांचा आधार डळमळला. ‘व्हिगर’मध्ये तर रुग्णांनी गोळी सरासरी नऊ महिनेच घेतली होती. दीड वर्षाची ही लक्ष्मणरेषा धरून चालू नका.

एफडीए काय करत होती?

एफडीएतलेच एक अधिकारी डेव्हिड ग्रॅहम यांनी १८ नोव्हेंबर २००४ रोजी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. आपली संस्था दुसऱ्या व्हायॉक्सपासून देशाला वाचवू शकणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. औषधाला मान्यता देणारा विभागच त्या औषधातली खोट शोधायला नाखूश असतो, हे त्यांचं मुख्य म्हणणं. पटण्यासारखं आहे. आपणच पास केलेल्या पोराला आपणच नापास कोण करेल?

फेब्रुवारी २००५ मध्ये एफडीएच्या सल्लागारांची बैठक झाली. व्हायॉक्स पुन्हा बाजारात येऊ द्यायची का, यावर ३२ जणांनी मत दिलं: १७ बाजूने, १५ विरुद्ध. त्यांतल्या दहा जणांचे संबंधित कंपन्यांशी आर्थिक लागेबांधे होते, हे नंतर वर्तमानपत्रांतून समजलं. परवानगीकडे झुकलेला हा कौल मिळूनही गोळी परत आली नाही. २००७ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. बाजारात आलेल्या औषधाचा पुढे अभ्यास करायला लावण्याचा आणि माहितीपत्रक बदलायला भाग पाडण्याचा अधिकार एफडीएला त्यातून मिळाला.

एकूण किती लोकांना याचा फटका बसला?

ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेत गंभीर हृदयविकाराचे ८८,००० ते १,४०,००० जादा रुग्ण. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, आणि हे सगळे मृत्यू नव्हेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात ‘एवढे लाख मेले’ असं ठोकून दिलेलं असतं, ते सोडून द्या.

एवढं मोठं नुकसान चार-पाच वर्षं दिसलं कसं नाही, असं पुष्कळ जण विचारतात. गोळीने अंगावर निळे चट्टे उठले असते तर महिनाभरात कळलं असतं. साठीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येणं ही मात्र नेहमीचीच घटना. घरचे म्हणतात वय झालं होतं, डॉक्टर म्हणतात शुगर होती. उशाशी ठेवलेल्या पट्टीवर कोणाचाच संशय जात नाही.

कंपनीला शिक्षा झाली का?

पैसे गेले. ऑगस्ट २००५ मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने एका विधवेला २५ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. वरच्या कोर्टाने २००८ मध्ये तो निकाल फिरवला. २००७ मध्ये कंपनीने हजारो दावे मिळून ४.८५ अब्ज डॉलरना मिटवले. २०११ मध्ये सरकारशी ९५ कोटी डॉलरचा समझोता झाला. आमवातासाठी मान्यता मिळण्याआधीच त्यासाठी गोळीचा प्रचार केल्याचा गुन्हा कंपनीने त्यात कबूल केला. तुरुंगात कोणी गेलं नाही.

ही गोळी भारतात मिळायची का?

औषध मिळायचं, वेगवेगळ्या नावांनी. २००५ पूर्वी आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे अनेक भारतीय कंपन्या स्वतःच्या नावाने रोफेकॉक्सिब विकत होत्या. तिकडे गोळी मागे घेतल्यावर डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने रोफेकॉक्सिबवर बंदी घातली. औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६अ खाली सरकारला तसा अधिकार आहे.

अमेरिकेत दावे लढले गेले, भरपाई मिळाली. इथे तीच गोळी घेऊन ज्यांना झटका आला, त्यांची गणनासुद्धा कोणी केली नाही. यावर कंपन्यांना दोष देऊन मोकळं होता येतं, पण चिठ्ठीशिवाय गोळी मागणारे आणि ती देणारे आम्हीही त्यात आहोत.

बाकीच्या कॉक्सिबचं काय झालं?

व्हाल्डेकॉक्सिब २००५ मध्ये अमेरिकेतून गेलं. हृदयाच्या जोडीला त्वचेवर जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रिया येत होत्या. भारतातही त्यावर त्याच वर्षी बंदी आली. लुमिराकॉक्सिब यकृताच्या त्रासामुळे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून मागे घेतलं गेलं. एटोरिकॉक्सिबला अमेरिकेने मान्यताच दिली नाही, पण युरोपात आणि आपल्याकडे ते मिळतं, आपल्याकडे तर सर्रास लिहिलं जातं. सेलेकॉक्सिब टिकलं. २४,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. त्यात मध्यम मात्रेतलं सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत आयबुप्रोफेन किंवा नेप्रॉक्सेनपेक्षा वाईट ठरलं नाही.

म्हणजे मी घेतो ती डायक्लोफिनॅकची गोळी सुरक्षित आहे ना?

हा खरा कामाचा प्रश्न, आणि उत्तर आवडणार नाही. डायक्लोफिनॅक जुनं आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कॉक्स-२ वर त्याचा भर जवळपास सेलेकॉक्सिबइतकाच आहे. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. हजार लोकांनी कॉक्सिब किंवा मोठ्या मात्रेत डायक्लोफिनॅक वर्षभर घेतलं, तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या सुमारे तीन मोठ्या घटना जास्त घडतात आणि त्यांतली एक प्राणघातक असते. नेप्रॉक्सेन या बाबतीत उजवं दिसलं, पण पोटाला ते जडच.

हजारात तीन म्हणजे घाबरून आजच पट्टी फेकून देण्याएवढं नव्हे. दाढ काढल्यावर तीन दिवस गोळी घेणारा तरुण आणि बायपास झालेले, वर्षभर रोज गोळी घेणारे आजोबा यांना एकच उत्तर लागू नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे, हृदय कमजोर आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी अशी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तिसरी ही पडली की मूत्रपिंडं कोलमडू शकतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन घेतलं, तर ॲस्पिरिनच्या कामात अडथळा येतो.

आणखी एक, दुकानात नेहमी दिसणारं. एक पट्टी हाडांच्या डॉक्टरांची, दुसरी फॅमिली डॉक्टरांची, तिसरी शेजारच्या काकूंनी ‘मला लागू पडली’ म्हणून दिलेली. नावं तीन, आत औषध तेच किंवा भावंडं. पट्टी उलटी करून बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर आम्हाला वाचायला सांगा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि पावसाळ्यात ताप येऊन अंग मोडून आलं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत यांतली कोणतीच गोळी नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पॅरासिटामॉल, तेही मात्रेत.

२००३ साली आईने ही गोळी वर्षभर घेतली होती. आता काही तपासायला हवं का?

त्या गोळीसाठी म्हणून नाही. औषध शरीरातून काही दिवसांतच निघून जातं. गोळी सोडल्यावरही धोका काही काळ रेंगाळतो असं दिसलं होतं, पण आता वीसहून अधिक वर्षं झाली. आईचं वय आणि रक्तदाब पाहून जी तपासणी एरवीही करायची, तीच करा.

डायक्लोफिनॅक तर बंद झालं होतं ना, गिधाडांमुळे?

ते जनावरांसाठीचं. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांचं चालू आहे. हे प्रकरण स्वतंत्र पानाचं आहे.

गोळीमुळे त्रास झाल्याची शंका आली तर कुठे कळवायचं?

आधी डॉक्टरकडे. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची शक्ती जाणं, काळी शी होणं, अंगावर फोड येणं यांतलं काही असेल तर थेट दवाखाना गाठा. त्यानंतर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतं. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. रुग्ण किंवा घरचेही कळवू शकतात. त्रास गोळीमुळेच झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे पाळीच्या दुखण्यावर सर्रास दिली जाणारी गोळी, तिच्या एका दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रियेबद्दल २०२३ मध्ये जो इशारा निघाला, तो अशाच नोंदींतून. फोन करताना पट्टी हाताशी ठेवा. तिच्यावरचा बॅच क्रमांक विचारतात, आणि नेमका तोच तुकडा आपण कात्रीने आधी कापून टाकलेला असतो.